मनीला काय चावले?

समजा तुम्ही डहाणू तालुक्यातील कैनाडला राहता. भाताची लावणी नुकतीच उरकली आहे. दोन दिवस पावसाची झड लागली आहे. रात्री घरातील सगळी माणसे जमिनीवर अंथरुणे टाकून ओळीने झोपली आहेत आणि तुमच्या पायाशी मनी मांजर अंगाचे मुटकुळे करून निजली आहे. पहाटे तुम्ही उठून पाहता, तो मनी कोपऱ्यात जाऊन पडलेली! हाक मारली तरी मान वर करीत नाही. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, मागचे पाय लटपटत आहेत, तोंडातून लाळ गळते आहे. अंगावर सूज नाही, जखम दिसत नाही, रक्ताचा एक थेंबही नाही.

घरातले कोणी म्हणेल, "उंदराच्या गोळ्या खाल्लेला उंदीर तिने खाल्ला असेल." तसे असू शकते. दुसरे कोणी म्हणेल, "पिसाळली असेल, हात लावू नका." हा सल्ला तर अगदी योग्य आहे. लाळ गळणे आणि जबडा लोंबणे ही रेबीजचीही लक्षणे आहेत, म्हणून अशा जनावराच्या तोंडात बोट घालून पाहण्याचा मोह टाळावा. पण या दोन शक्यतांबरोबर तिसरीही विचारात घ्यायला हवी. पावसाळ्यातल्या रात्री घरात मण्यार आली होती काय?

हा प्रश्न केवळ मनीसाठी महत्त्वाचा नाही. मण्यार ही निळसर काळ्या रंगाची, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे असलेली, रात्री हिंडणारी नागीण आहे, असे काही ठिकाणी म्हणतात. पण ती नागाची मादी नव्हे, स्वतंत्र जातीचा साप आहे. तिचे दात इतके बारीक असतात की तिचा दंश बहुधा दुखत नाही. झोपलेल्या माणसाला जाग येतेच असे नाही आणि सकाळी दंशाची खूणही सापडत नाही. म्हणजे ज्या मण्यारीने मनीला चावा घेतला, तिने त्याच रात्री शेजारी झोपलेल्या तुमच्या धाकट्या भावालाही चावा घेतला असेल आणि त्याला त्याचा पत्ताच नसेल, हे शक्य आहे. म्हणून अशा सकाळी पहिले काम कोणते? सगळ्यांना उठवा. कोणाचे पोट दुखते आहे का, घशात गिळताना अडते आहे का, पापण्या जड झाल्या आहेत का, एकाच्या दोन वस्तू दिसतात का, हे विचारा. यांपैकी काहीही असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठा. मनीकडे त्यानंतर वळा.

साप घरात येतो तरी कशाला? आपल्याला चावण्यासाठी खास नाही. डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर आजही कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली घरे आहेत. घरात भाताची कणगी असते, पडवीत सरपणाची रास असते, एका बाजूला कोंबड्यांचे खुराडे असते. कणगीमुळे उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. पावसाळ्यात बिळांत पाणी भरले की उंदीर आणि साप दोघेही कोरडी जागा शोधतात आणि ती जागा म्हणजे आपले घर. मण्यारीला तर उंदरांबरोबर पाली, बेडूक आणि इतर सापही चालतात. विटांच्या, पक्क्या घरात हे होत नाही असे मात्र समजू नका. दाराखालची दोन बोटांची फट सापाला पुरते.

मांजर आणि कुत्रा या पाहुण्याला आपल्याआधी भेटतात, कारण आपण झोपतो तेव्हा ते जागे असतात आणि हालणाऱ्या प्रत्येक वस्तूची चौकशी करणे हा त्यांचा स्वभाव आहे. मात्र दोघांची चौकशीची पद्धत निराळी. कुत्रा नाक पुढे करून हुंगतो. त्यामुळे त्याला दंश होतो तो नाकावर, ओठावर, तोंडावर, म्हणजे जेथे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते नेमके तेथे. मांजर मान मागे ठेवून पंजा मारते. तिला दंश होतो तो बहुधा पायावर. शिवाय चावा बसल्यावर मांजर एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन स्वस्थ पडते. कुत्रा मात्र भुंकत, धावत राहतो आणि धावणाऱ्या स्नायूंमुळे विष शरीरभर लवकर पसरते.

आता हे विष शरीरात काय करते ते पाहू. आपल्याकडे माणसांचे सर्वाधिक बळी घेणारे चार साप मानले जातात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. पहिल्या दोघांचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर, दुसऱ्या दोघांचे मुख्यतः रक्तावर काम करते. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामध्ये सूक्ष्म फट असते. तंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते, ते फट ओलांडून स्नायूवरील ग्राहींना चिकटते आणि स्नायू आकुंचन पावतो. हे टपालासारखेच आहे म्हणा ना! नागाचे विष पत्र पोचण्याच्या जागी बसते. पत्रपेटीचे तोंडच बुजवून टाकते. मण्यारीच्या विषातील प्रमुख घटक उलट पत्र निघते ते टपालघरच मोडून टाकतात, म्हणजे तंतूचे टोक खराब करतात. परिणाम दोन्हीकडे एकच: पापण्या मिटतात, मान ढळते, पाय लुळे पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. फरक उपचारात पडतो. बुजलेली पत्रपेटी मोकळी करता येते. मोडलेले टपालघर पुन्हा उभे राहायला दिवस लागतात. तोपर्यंत रोग्याचा श्वास यंत्राने चालू ठेवावा लागतो. म्हणूनच मण्यारीच्या बाबतीत एक तास उशीर फार महाग पडतो.

येथे मुंगसाची आठवण होणे साहजिक आहे. मुंगूस सापाशी लढताना मधूनच जाऊन कसलीशी मुळी खाऊन येते, अशी गोष्ट तुम्ही ऐकली असेल. खरी गोष्ट या मुळीपेक्षा कितीतरी सुरस आहे. इस्राएलमधील संशोधकांनी १९९२ साली दाखवून दिले की मुंगसाच्या स्नायूवरील ग्राहींची घडणच थोडी वेगळी आहे. टपालाच्या भाषेत सांगायचे तर त्याच्या पत्रपेटीच्या तोंडात पत्र जाते, पण नागाच्या विषाचा रेणू नीट बसत नाही. आपल्या मनीकडे अशी सोय नाही.

घोणस आणि फुरसे यांची तऱ्हा वेगळी. अंगावर साखळीसारख्या मोठ्या गोलसर ठिपक्यांच्या ओळी असलेली आणि चिडली की कुकरसारखा फूत्कार सोडणारी घोणस तुमच्यापैकी पुष्कळांनी शेतात पाहिली असेल. ती चावली की जागा दुखते आणि झपाट्याने सुजते. कुत्र्याचे तोंड एका बाजूने फुगले, तर घोणशीचा संशय घ्यावा. (नागाच्या दंशानेही सूज येते, हे खरे.) पण सूज ही वरवरची गोष्ट झाली. रक्त गोठण्यासाठी आपल्या शरीरात अनेक घटक एकामागून एक जागे होतात आणि शेवटी रक्तातील तंतुजन या प्रथिनाचे धागे बनून गुठळी होते. घोणशीचे विष या साखळीतील दोन कड्या विनाकारण चालू करून देते. रक्तवाहिन्यांत जागोजागी लहान लहान गुठळ्या बनू लागतात आणि बघता बघता तंतुजनाचा सगळा साठा संपून जातो. गवंड्याने सगळे सिमेंट नको तेथे वापरून टाकावे आणि खरोखरीचे भगदाड पडल्यावर पोते रिकामे निघावे, तसेच हे! मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमांतूनही रक्त झिरपू लागते.

हेच विष चिमूटभर वापरले तर? लंडनमध्ये १९३४ साली मॅकफर्लेन आणि बार्नेट यांनी घोणशीच्या विषाचे अतिशय विरळ द्रावण हिमोफिलियाच्या रोग्यांच्या जखमेवर लावून रक्तस्राव थांबवून दाखविला. आजही रक्ततपासणीच्या प्रयोगशाळांत एका चाचणीसाठी घोणशीचे विष वापरतात.

आता मांजर आणि कुत्रा यांच्या रक्ताकडे वळू. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांना एका जुन्या अनुभवाचे कोडे पडले होते. तेथील तपकिरी सापाच्या दंशानंतर प्रतिविष न दिलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ३१ टक्के वाचतात, तर मांजरांपैकी सुमारे ६६ टक्के. या सापाचे विषही रक्त गोठविणारेच आहे. संशोधकांनी कुत्र्याचा आणि मांजराचा रक्तद्रव घेतला, त्यात तपकिरी सापाचे आणि जगातील आणखी दहा सापांचे विष घातले आणि गोठायला किती वेळ लागतो ते यंत्रावर मोजले. २०२० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की प्रत्येक विषाचा परिणाम कुत्र्याच्या रक्तद्रवावर अधिक लवकर झाला. इतकेच नव्हे, तर विष न घालताही कुत्र्याचा रक्तद्रव मांजराच्या मानाने लवकर गोठला. म्हणजे कुत्र्याची साखळी मुळातच उतावळी आहे.

या प्रयोगातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे शिक्षकांनी वर्गात अवश्य विचारावे. रक्तावर काम करणाऱ्या विषापुरते मांजर थोडे नशीबवान दिसते. पण हा प्रयोग रक्त गोठण्याचा होता, मज्जातंतूंचा नव्हता. मण्यार चावलेल्या मनीबद्दल तो काहीही सांगत नाही. "मांजराला नऊ जीव असतात" असे म्हणून स्वस्थ बसायला येथे आधार नाही.

आणखी एक हिशेब पाहा. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते असे मोजण्यात आले आहे. साप भक्ष्याचे वजन करून विष सोडत नाही. तेव्हा ६० किलोच्या माणसाच्या शरीरात दर किलोमागे सुमारे १ मिलिग्रॅम विष जाते, २० किलोच्या मुलाच्या शरीरात सुमारे ३ आणि ४ किलोच्या मनीच्या शरीरात जवळजवळ १६ मिलिग्रॅम! पूर्ण दंश बसला तर मांजराच्या रक्ताचा संथपणा या आकड्यापुढे कितीसा टिकणार? सापाने कधीकधी विष न सोडता नुसताच चावा घेतलेला असतो, हेही लक्षात ठेवा. तो मुद्दा पुढे लागणार आहे.

या हिशेबाची दुसरी बाजू औषधाची आहे. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी १८९४ साली दाखविले की प्राण्याला विषाच्या अगदी थोड्या थोड्या मात्रा देत गेले की त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी प्रतिपिंडे तयार होतात. आज हे काम घोड्यांकडून करून घेतात. महाराष्ट्रात या विषयातील जुने नाव म्हणजे परळची हाफकिन संस्था. लागणारे विष मोठ्या प्रमाणावर पुरवते ती चेन्नईजवळची इरुळा आदिवासींची सहकारी संस्था. ती १९७८ साली स्थापन झाली. भारतीय प्रतिविष वर सांगितलेल्या चारही सापांवर चालते. १० मिलिलिटरची एक कुपी घोणशीचे सुमारे ६ मिलिग्रॅम विष निकामी करते. ६३ ला ६ ने भागा. साडेदहा येतात ना? म्हणूनच डॉक्टर माणसाला सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या देतात. आणि लहान मुलालाही तेवढ्याच! इतर औषधे वजनाप्रमाणे कमी करतात, हे करीत नाहीत, कारण औषध मुलाच्या वजनाशी नव्हे तर आत गेलेल्या विषाशी झुंजायचे आहे.

पशुवैद्यही कुत्र्यामांजरांसाठी हेच प्रतिविष वापरतात. त्यांच्याकडे त्याच्या दहा कुप्या असतीलच असे नाही, आणि प्रत्येक कुपीला पैसे पडतात. घरच्या माणसांना मग अवघड निर्णय करावा लागतो. तो त्यांनी कसाही केला तरी त्यांना दोष देऊ नये असे मला वाटते. प्रतिविषालाही मर्यादा आहेत. एका प्रांतातील घोणशीचे विष दुसऱ्या प्रांतातील घोणशीच्या विषाशी तंतोतंत जुळत नाही. हिरवट रंगाचा, झाडाझुडपांत राहणारा चापडा तर या चौघांच्या यादीतच नाही. त्याच्या विषावर हे औषध बनविलेले नाही.

रक्तात विष भिनले आहे की नाही हे ओळखण्याची एक चाचणी इतकी साधी आहे की खेड्यातील दवाखान्यातही ती करता येते. रोग्याचे २ मिलिलिटर ताजे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत घेऊन २० मिनिटे न हलविता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त गोठलेले असेल तर ठीक. पाण्यासारखे वाहिले तर घोणस किंवा फुरसे समजून प्रतिविष सुरू करतात. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही. कारण काचेचा स्पर्श झाला की रक्तातील एक घटक जागा होतो आणि गोठण्याची साखळी सुरू होते. या घटकाला हागेमान घटक म्हणतात; जॉन हागेमान या अमेरिकन रेल्वे कामगाराचे रक्त काचेत लवकर गोठेना, त्यावरून तो १९५५ साली ध्यानात आला. नळी साबणाच्या पावडरीने धुतलेली असली तरी चाचणी फसते. मण्यारीच्या दंशात मात्र रक्त छान गोठते आणि तरीही रोगी धोक्यात असतो. तेथे पापण्यांकडेच पाहावे लागते.

मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी डहाणू तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर सर्पदंशाविषयीच्या समजुतींचा अभ्यास केला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दंशावर चिंचोके किंवा लोहचुंबक लावण्याच्या रिवाजाची नोंद आहे. हे ऐकून हसू नका. हुशार माणसेसुद्धा असे का मानतात याचा विचार करा. ऑस्ट्रेलियातील आकडेच घ्या. तेथील १०० दंश झालेल्या मांजरांना चिंचोके लावले असते तर ६६ वाचली असती आणि गावभर चिंचोक्याचा डंका वाजला असता! पण काहीच न लावता तितकीच वाचतात. त्यात बिनविषारी सापांचे दंश आणि कोरडे दंश मिळवा, म्हणजे कोणत्याही उपायाला यश मिळालेले दिसेल. उपाय न केलेल्यांशी तुलना केल्याशिवाय उपायाचा गुण कळत नाही. आणि चिंचोका चिकटतो की गळतो हे पाहण्यात जो तास जातो, त्या तासात मण्यारीचे विष टपालघर मोडत असते.

आमच्या लहानपणीच्या शाळेच्या पुस्तकात दंशावर पात्याने चीर द्यावी आणि पोटॅशियम परमँगनेट भरावे असे छापलेले होते. आम्ही ते पाठ करून गुणही मिळवले. आज ते सारे चूक ठरले आहे. चीर देणे, विष चोखणे, घट्ट दोरी आवळणे, बर्फ लावणे यांनी विष निघत नाही, उलट इजा वाढते. मनीला जाड टॉवेलात किंवा गोणपाटात गुंडाळा, कारण दुखणाईत जनावर मालकालाही चावते. मग टोपलीत ठेवून कमीत कमी हालवत पशुवैद्याकडे न्या. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तोंडात दूध, तूप, हळद काहीही घालू नका. गिळण्याचे स्नायू लुळे असतील तर ते फुप्फुसात जाते. किती वाजता ती पहिल्यांदा लुळी दिसली, कोठे सूज होती, रक्त कोठून आले, हे कागदावर लिहून न्या. साप दिसला असेल तर लांबून फोटो पुरे. त्याला मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही. त्या खटाटोपात दुसरा दंश होतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षणही आहे.

घरी राहिलेल्यांनाही काम आहे. साप अजून घरात असू शकतो. अंथरुणे हाताने न उचलता लांब काठीने उचला, टॉर्च लावून कणगीखाली आणि सरपणाच्या राशीत पाहा, आणि दिसला तर त्याच्यावर लांबून नजर ठेवून सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवा. नंतर उंदरांची बिळे दगड-सिमेंटने बुजवा, कणगी फळीवर चढवा, खुराडे आणि सरपण भिंतीपासून दूर हलवा, दाराखालच्या फटीला पट्टी लावा. आणि झोपायला खाट नसली तरी निदान मच्छरदाणी लावा. आग्नेय नेपाळमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे आढळले आहे. मात्र मच्छरदाणीची कड चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली हवी. मनी बरी होऊन परत आली की ती रात्री आत शिरायला बघेल, आणि तिने उचकटलेली कड तुम्हाला पुन्हा खोचावी लागेल.